ही वाट डीपी प्लॅनमध्ये आहे का?

कुठल्याही मंडळात दोन गोष्टी आपोआप साचतात, विसरलेल्या छत्र्या आणि किस्से. छत्र्यांची चौकशी कोणी करत नाही. किस्से मात्र मागून घेतात. चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "प्रधान मॅडम, ते टिपणिसांचं सांगा ना!" मग मी सांगते. दर वेळी सांगताना मला वाटतं, या माणसाचं अजून काहीतरी आपल्याला कळलेलं नाहीये.

आमचं मंडळ दर रविवारी सकाळी डोंबिवलीत भरतं. तत्त्वज्ञानाचं मंडळ आहे. जागा गजानन भोईर, म्हणजे गजूशेठ यांच्या मंगल कार्यालयाची. वाडवडील मिठागरात राबले, आता त्या जमिनींना सोन्याचा भाव आलाय. मुहूर्त नसला की आम्ही हॉलमध्ये बसतो, असला की भांड्यांच्या खोलीत. आत्मा आहे की नाही यावरची आमची गाजलेली चर्चा तर बुंदीच्या कढईशेजारी झालेली!

अध्यक्ष सबनीस सर. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झाले, अद्वैताचे कट्टर. त्यांच्या पत्नी शैलाताई मागच्या खुर्चीत विणत बसतात आणि फारसं बोलत नाहीत. बोलल्या की सर फारसं बोलत नाहीत.

आणि मी. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहते. सगळी नोकरी विमा कंपनीत क्लेम तपासण्यात गेली. माणूस खरंच गेलाय का, हे बघायचं काम. त्यामुळे जिवंत माणसावरही माझा चटकन विश्वास बसत नाही.

*

टिपणीस आले तो रविवार. पांढरा शर्ट, पायात साध्या चपला, साठीच्या आसपास. मागे येऊन गुपचूप बसले. सरांनी नव्या माणसाला विचारतात तसं विचारलं, "आपण कुठल्या दर्शनाचे?"

"मी खडवलीचा," टिपणीस म्हणाले.

सगळे हसले. सर हसले नाहीत.

हळूहळू कळलं की मशिनरीच्या कंपनीतर्फे ते बरीच वर्षं तैवानला होते, तिथे ताओ मताच्या लोकांत ऊठबस झाली. आता खडवलीला नदीजवळ दोन खोल्यांत एकटेच राहतात. सरांनी त्यांना उभं केलं, "सांगा, ताओ म्हणजे काय?"

"वाट."

"कुठे जाणारी?"

"ती कुठे जात नाही. आपण जातो."

सर विचारात पडले. गजूशेठ मात्र ताडकन पुढे सरसावले, "एक मिनिट! ही वाट डीपी प्लॅनमध्ये हाय का? नाय, म्हणजे जिथं वाट येते ना, तिथली आमची जमीन जाते!"

*

पुढच्या महिन्याभरात निम्मं मंडळ टिपणिसांच्या भोवती बसायला लागलं. ते फी घेत नव्हते. पुस्तक विकत नव्हते. शिबिर नाही, व्हॉट्सअॅप ग्रुप नाही. कोणी पाया पडायला वाकलं की स्वतःच खाली वाकून त्याची चप्पल सरळ करून ठेवायचे!

माझ्या डोक्यात लाल दिवा लागला. ज्या क्लेममध्ये सगळे कागद बरोबर असतात, त्याच क्लेममध्ये गडबड असते. त्यातून टिपणीस म्हणजे आमच्यातलेच, सीकेपी. आमच्यातला माणूस इतका कमी बोलतो? मी त्यांना सरळच विचारलं, "तुम्हाला आमच्याकडून हवंय तरी काय?"

"काही नको."

"बघा, निरिच्छ वृत्ती!" सर नाइलाजाने का होईना, कौतुकाने म्हणाले.

गजूशेठ माझ्या कानाशी आले. "मॅडम, पहिल्या मीटिंगला बिल्डर पण हेच बोलतो."

*

सरांचा संशय वेगळाच होता. त्यांचं म्हणणं, हा माल आपलाच आहे, फक्त बाहेरून फिरून आलाय! एका रविवारी त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे आपलं ब्रह्म, दुसरीकडे ताओ. एकीकडे साक्षीभाव, दुसरीकडे सहजपणा. तासभर बाण काढत होते. शेवटी खडू ठेवून म्हणाले, "सारांश, हे सगळं मूळचं आपल्याकडचं आहे!"

टिपणीस म्हणाले, "असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही विरोध करणार नाही?"

"तुमचं असेल तर तुम्ही घ्या."

सर अस्वस्थच झाले. आयुष्यभर पूर्वपक्ष मांडायचा, उत्तरपक्षाने तो पाडायचा, ही त्यांची सवय. इथे पाडायला भिंतच नाही! डबा उघडतानासुद्धा पुटपुटत होते, "इतक्या सहज कबूल करतोय, म्हणजे यात नक्की गोम आहे."

मग त्यांनी दुसरा मुद्दा काढला. निष्काम कर्म मोठं, की ताओवाल्यांचं ते न करता करणं? सर म्हणाले, "आपण कर्म सोडायला सांगत नाही. फळाची आशा सोडायला सांगतो. यांच्याकडे तर कर्मच सोडून दिलंय. हा शुद्ध आळस!"

टिपणीस म्हणाले, "कर्म नाही सोडायचं. जोर सोडायचा. दार आत उघडत असेल तर बाहेर ओढत बसायचं नाही, एवढंच."

"पण मी करतो आहे, ही भावना?"

"तीच तर ओढत असते."

यावर मागून शैलाताईंचा आवाज आला. सुया चालूच होत्या. "आमच्याकडे दोन्ही आहे हो. लग्न झाल्यापासून कर्म मी करते आणि निष्काम हे असतात."

त्या दिवशी सभा लवकर संपली.

*

स्वप्नाली आमच्या मंडळातली सगळ्यात तरुण. दिवा स्टेशनजवळ राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. टिपणीस एकदा पाण्याबद्दल बोलत होते. पाणी खालची जागा घेतं, आडवं आलं तर वळसा घालतं, कोणाशी भांडत नाही, असं वागता आलं पाहिजे.

स्वप्नालीने हात वर केला. "सर, तुम्ही दिव्याला कधी आलाय का?"

"नाही."

"मग या. आमच्याकडे पाणी खालची जागा घेतं ते एकदम बरोबर आहे. वर चढतच नाही! आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, तिकडे तुमचा ताओ पोचत नाही. आणि भांडत नाही कोण? टँकर आला की बघा, लई राडा होतो!"

सगळ्यांना वाटलं, विषय संपला. मला आत कुठेतरी बरंही वाटलं. पण टिपणीस खरोखरच दिव्याला गेले! शनिवारी सकाळी स्वप्नालीच्या बिल्डिंगखाली टँकरच्या रांगेत उभे. तिच्या आईची बादली हातात. दोन बायकांच्या मध्ये सापडले, पँट भिजली, एक चप्पल गेली. चौथ्या मजल्यावर बादली नेऊन दिली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले.

रविवारी सरांनी खिंडीत गाठलं. "काय हो, मग? पाणी भांडत नाही म्हणत होतात ना?"

"पाणी नव्हतंच भांडत," टिपणीस म्हणाले. "बादल्या भांडत होत्या."

*

तरी माझा मूळ प्रश्न राहिलाच होता. हा माणूस तैवानला खरंच होता का? मी आपलं सहज गजूशेठना बोलून दाखवलं. पुढच्या रविवारी ते कार्यालयाच्या रोषणाईच्या माळेचं खोकं घेऊन आले. खोक्यावर सगळं चिनी भाषेत. ते टिपणिसांच्या पुढ्यात आपटून म्हणाले, "वाचा!"

टिपणिसांनी चष्मा लावला. "ओल्या हाताने लावू नये, असं लिहिलंय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरं की खोटं, कळणार कसं? सरांनी लगेच प्रमाणांचा विषय काढला. आप्तवाक्य म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द, तो ज्ञानाचं साधन मानावा की नाही, यावर आपल्याकडे किती खल झालाय, चार्वाकमताचे लोक डोळ्याला दिसेल तेवढंच कसं मानतात, वगैरे वगैरे. टिपणीस शांतपणे ऐकत होते. निर्णय काही झाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी गजूशेठ आले ते काखेत तेच माळेचं खोकं घेऊन आणि उजवा खांदा धरूनच. चेहरा उतरलेला.

"काय झालं हो?" मी विचारलं.

"वाचता येतंय त्याला," ते म्हणाले.

*

आता शेवटचं. हे सांगताना मी हसत नाही.

गजूशेठना एक मोठा भाऊ आहे, बाळारामशेठ. जमिनीच्या वाटण्यांवरून दोघांचं फाटलं ते इतकं, की आई गेली तेव्हा बारावं एकाच गावात, दोन वेगवेगळ्या मांडवांत झालं. गावातल्या लोकांनी अर्ध्या वेळाने उठून या मांडवातून त्या मांडवात जायचं! नंतर बाळारामशेठ खडवलीला शेतघर बांधून तिकडेच राहायला गेले. गजूशेठच्या मुलीच्या लग्नात मुलीचा एकुलता एक काका नव्हता. सगळा खर्च, सगळी रोषणाई, आणि विहिणीने विचारलं, "काका दिसत नाहीत?" तेव्हा गजूशेठ भांड्यांच्या खोलीत जाऊन बसलेले. मी पाहिलंय.

आणि एक दिवस स्वप्नालीची मावसबहीण, जी खडवलीला राहते, तिने सांगितलं, तुमचे ते टिपणीस रोज संध्याकाळी बाळारामशेठच्या ओट्यावर बसलेले असतात.

झालं! माझ्या डोक्यात सगळे धागे जुळले. खडवली! जमीन! फुकटचं ज्ञान! मी गजूशेठना फोन केला. ते म्हणाले, "मना तर पहिल्यापासून वास येत होता."

रविवारी चर्चा सुरूच होऊ दिली नाही. गजूशेठ टिपणिसांच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही माझ्या भावाकडं जाता?"

"जातो."

"कशाला?"

"माझ्या घराला ओटा नाही."

"काय बोलता त्याच्याशी?"

"मी काही नाही. ते बोलतात. तुमच्याबद्दल."

गजूशेठनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "काय बोलतो माझ्याबद्दल?"

"तुम्ही त्यांच्याबद्दल बोलता तेच. लहानपणी मिठागरावर कोणी कोणाला खांद्यावर घेतलं, आणि मग पुढचं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाय?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

गजूशेठ उठले आणि निघून गेले. सर म्हणाले, "हे बरं नाही केलंत, टिपणीस." मला तर खात्रीच झाली होती की हा माणूस दोन्ही घरांचा अंदाज घेतोय, आणि आता मधली जमीन कोणाच्या तरी घशात जाणार.

चार दिवसांनी दुपारी माझी बेल वाजली. टेंभी नाक्यावरच्या आमच्या घराला लिफ्ट नाही. दारात दोन माणसं धापा टाकत उभी. एक गजूशेठ. दुसरा तसाच, फक्त केस पांढरे आणि पोट जास्त. ओळख करून द्यायची गरजच नव्हती.

"मॅडम, हा माझा दादा," गजूशेठ म्हणाले. "मी खडवलीला गेलेलो, त्याला विचारायला, की हा टिपणीस तुझ्याकडं कशाला येतो. तर हा मलाच विचारतोय, की तुझ्याकडं कशाला येतो!"

बाळारामशेठ म्हणाले, "आम्ही दोन दिवस बसून इचार केला. काय डाव हाय, कलत नाय. गजू बोलला, तुम्ही तपासाचं काम करायचा."

पाणी दिलं. दोघं सोफ्यावर चिकटून बसले होते, कारण माझा सोफा लहान आहे. गजूशेठनी अर्धा ग्लास पिऊन उरलेला न बघताच शेजारी सरकवला आणि बाळारामशेठनी तो न बघताच संपवला.

त्याच दिवशी आम्ही तिघं गाडीने खडवलीला गेलो. रस्ताभर दोघं भाऊ तावातावाने बोलत होते, आणि सगळं टिपणिसांबद्दल. हा कोणाचा माणूस? कोणाला सामील? फी का घेत नाही? मी मागच्या सीटवर बसून मुद्दे मनात जुळवत होते.

टिपणिसांचं दार उघडंच होतं. ते तांदूळ निवडत होते. आम्हाला बघून आश्चर्य नाही, आनंद नाही. सरकून जागा केली.

मी आयुष्यभर ज्या आवाजात विचारत आले, त्याच आवाजात विचारलं, "टिपणीस, खरं सांगा. हे सगळं तुम्ही ठरवून केलंत ना?"

त्यांनी तिघांकडे बघितलं. मग सुपातला एक खडा बाजूला टाकला.

"मी काय केलं?"

गजूशेठनी भावाला कोपराने ढोसलं. "बघ. बोललो नव्हतो? कायतरी लपवतोय."

बाळारामशेठनी मान हलवली, डोळे टिपणिसांवरच रोखलेले.

"याच्याकरं तू एकटा नको येव, गजू. रोज मी येत जाईन तुझे संगती."