आधी माझ्या मनगटावर

त्या वर्षी हिंगोलीत लेकरू कडेवर घेऊन सायबर कॅफेत जाणारी बाई बहुधा मी एकटीच असेन. ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलून घेतलं. मी जायचे ती गेलेच.

कॅफे म्हणजे आधीचं टायपिंग इन्स्टिट्यूट. लग्नाआधी शिरड शहापूरहून एसटीनं कॉलेजला यायचे, तेव्हा तिथंच मी इंग्रजी टायपिंग शिकले होते. पुढं तिथल्या सरांनी मशिनी विकून कॉम्प्युटर आणले, लाकडी कप्पे पाडले आणि कप्प्यांना पडदे लावले. पडद्यामागं कॉलेजची पोरं काय बघतात हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. म्हणून मी दाराजवळच्या कॉम्प्युटरवर बसायचे, पडदा वर बांधून. माझ्यापाशी लपवण्यासारखं काही नव्हतं. मांडीवर लेक आणि समोर परदेशी बाया.

घरमालकीण मावशींनी एकदा जिन्यात अडवलं. "काहून जातीस माय तिथं? चांगल्या घरच्या बाया तिथं जात न्हाईत."

"आता जाऊन राहिल्या मावशी," मी म्हणाले आणि खाली उतरले.

जाण्याचं कारण लेकीचं रडणं. दिवेलागणीला सुरू व्हायचं. पाय पोटाशी घ्यायची, मुठी आवळायची, तोंड लालबुंद करायची आणि घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की पोटात वारा धरतो, वजन बरोबर वाढतंय, तीन-चार महिन्यांची झाली की आपोआप थांबेल. आपोआप हा शब्द रडणाऱ्या लेकराच्या आईला एकदा सांगून बघावा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गावाहून आल्या की म्हणायच्या, तुझं दूध जड हाय. शेजारीण म्हणायची, दूध हलकं आहे. दुधाची चौकशी सगळ्यांनी केली, माझी कुणीच नाही.

कॅफेत सरांनी इंटरनेटवर आयांच्या गप्पांची एक साइट शोधून दिली आणि मला एक अख्खा पार सापडला. कुठल्या कुठल्या मुलखातल्या बाया त्यावर दिवसभर बसलेल्या. लेकराच्या शीचा रंग, दुपट्याची घडी, नवऱ्याचं घोरणं, सासूचा जाच. आमच्या नळावरचंच बोलणं, फक्त इंग्रजीत. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की लेक संध्याकाळी रडते, काय करू. पहिल्याच उत्तरात एकीनं लिहिलं होतं, "आणि तू कशी आहेस? जेवलीस का? झोप मिळते का?" ते वाचून मला तिथंच हुंदका आला. सरांनी पंखा माझ्याकडं वळवला आणि ते उगाच बाहेर जाऊन उभे राहिले.

मग मला नादच लागला. सल्ले तर काय, पैशाला पासरी. एक म्हणाली, हिरड्यांना ब्रँडी चोळ. एक म्हणाली, पायमोज्यात कांद्याची चकती घाल. एकीनं सांगितलं, वेगळ्या खोलीत निजव आणि रडू दे, रडून रडून गप होईल. आमच्या दोन खोल्या. एकीत गॅस, भांडी आणि न्हाणी, दुसरीत आम्ही सगळे. मी वेगळ्या खोलीत कुणाला निजवू, कुकरला? कांदा मात्र मी बांधून बघितला. लेक रडायची ती रडलीच, वरून भज्यासारखी वास मारायला लागली.

पण एक सल्ला लागू पडला. तिकडच्या बाया लेकराची टोपली चालत्या वॉशिंग मशिनजवळ ठेवायच्या. त्या घरघरीनं लेकरू झोपतं म्हणे. आमच्याकडं मशीन म्हणजे माझे दोन हात. मग सुचलं, कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. दुसऱ्या दिवशी रडणं सुरू झालं तशी तिला घेऊन गिरणीत जाऊन उभी राहिले. पट्टा फिरला, गिरणी घरघरली आणि लेक पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या मिटून ढाराढूर. लाईट गेली की जागी व्हायची. भारनियमनाचं वेळापत्रक त्या दिवसांत मला तोंडपाठ होतं. लोक हसले. हसेनात का, लेकरू झोपत होतं.

आत्याबाईंना हे थेर वाटायचे. त्यांच्याकडं खात्रीचा इलाज होता, बिब्बा. आमच्या भागात घरोघर असतो. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की लेकराच्या बेंबीभोवती ठिपके द्यायचे. कातडी भाजते, फोड येतात आणि काळे डाग जन्मभर राहतात. माझ्या नवऱ्याच्या पोटावर आहेत. पोटदुखी त्यानं जाते असं म्हणतात. भाजलं की लेकरू रडून रडून थकून झोपतं, म्हणून तसं वाटत असावं.

"हळद शिजवायला गावाकडं जायचंच हाय. तवा उरकून घेऊ," आत्याबाई म्हणाल्या.

मी नाही म्हणाले. नवरा म्हणाला, "मला दिले व्हते. मला काय झालं?"

"काय झालं ते तुमाला आठवत न्हाई, येवढंच," मी म्हणाले. माझ्या बाजूनं मात्र तो बोलला नाही.

मी पारावर धाव घेतली. बिब्बा कसा लावतात ते लिहिलं आणि विचारलं, सासूला कसं समजावू? उत्तरांचा पाऊस पडला. रानटी लोक. पोलिसांत जा. सासूला घराबाहेर काढ. लेकरू घेऊन त्या देशातून निघ. सगळ्यांत पुढं ती ब्रँडीवाली. समजावायचं कसं, हे एकीनंही सांगितलं नाही. मला आधार हवा होता आणि आला तो भलताच संताप. माझ्या लेकीला डाग द्यायला निघालेली बाई मला नकोच होती. पण तिला रानटी म्हणायचा हक्क यांना कुणी दिला? बाळंतपणानंतर माझी कंबर चोळणारी तीच. मी लिहायला घेतलं, "तुमची ब्रँडी आणि माझ्या सासूचा बिब्बा एकाच फडताळातले. सासूशी मी भांडेन, तुम्ही मधे पडू नका." पाठवणार तोच लाईट गेली आणि सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी जाऊन परत टाइप केलं. मुद्दाम.

आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावात हळदीच्या कढया लागलेल्या. नवरा आणि दीर शेतात, घरात आम्ही बायाच. त्या दिवशी लेकीनं दुपारीच सूर लावला. आत्याबाईंनी गल्लीतल्या म्हातारीला बोलावलं. तिचा हात हलका, अर्ध्या गावाच्या पोटावर तिचे ठिपके. भर दुपारी दिवा लावला. सुईच्या टोकाला बिब्बा चरचरायला लागला.

"आण इकडं," आत्याबाई म्हणाल्या.

मी लेकीला पदराखाली घट्ट धरलं आणि उजवा हात पुढं केला. "आधी माझ्या मनगटावर लावा. मी जाणती बाई हाय. मला सोसलं तर लेकराचं बघू."

म्हातारी हसली. तिनं आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाईंना वाटलं, सून आयत्या वेळी हात मागं घेईल. "लाव," त्या म्हणाल्या.

मी हात मागं घेतला नाही. तेल टेकलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. दात आवळून धरले, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना. म्हातारीनं दुसरा ठिपका दिला, तिसरा दिला आणि विचारलं, "आता लेकराला?"

"मला सोसलं न्हाई," मी म्हणाले. "दिवा इझवा."

लेक तर रडतच होती. मी तिला उचललं आणि तडक गावातल्या गिरणीवर गेले. नशीब, लाईट होती.

दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं. फोड आले, ते फुटले, पाणी पसरलं तिथंही कातडी उतू लागली. लेकीला धरता येईना. हिंगोलीला परतताना आत्याबाई आपणहून सोबत एसटीत बसल्या. लेकीची आंघोळ, दुपटी, माझी वेणी, सगळं त्याच करायच्या आणि रोज माझ्या हाताला खोबरेल लावायच्या. एका सकाळी तेल लावता लावता त्यांचं बोट थांबलं.

"त्याच्या पोटावरबी असंच उतलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी दाराभायेर व्हते. सासूनं आतून कडी घातली व्हती. मला आत येऊ दिलं न्हाई."

"मग तुमी काय केलं?"

"काय करतीस? दार वाजवलं."

त्या दिवशी मी कॅफेला निघाले तर आत्याबाई चपला घालून तयार. डोक्यावर पदर, कडेवर नात. सरांनी त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवलं. पडद्यामागची पोरं एकदम शांत झाली. आत्याबाई कॉम्प्युटरकडं रोखून बघत राहिल्या.

"ह्यातच हायेत का त्या बाया?"

"व्हय."

"मला काय म्हणल्या?"

खोटं बोलले असते तर चाललं असतं. पण मनगटावर त्यांच्या हातचं तेल होतं. "रानटी म्हणल्या," मी सांगितलं.

नातीनं त्यांचं डोरलं तोंडात घातलं होतं, ते त्यांनी हळूच सोडवलं. मग म्हणाल्या, "लिही त्यांना. मी दार वाजवलं व्हतं म्हणावं."

उजवा हात चालत नव्हता. डाव्या हाताच्या एका बोटानं, एकेक अक्षर शोधत मी लिहिलं. तिचं लेकरू आत होतं, दाराला कडी होती, तिनं दार वाजवलं. एवढंच. पाठवलं आणि आम्ही दोघी वाट बघत बसलो. कुणी उत्तर दिलं नाही. त्याखाली कुणीतरी बाबागाडीचा रंग कुठला घेऊ म्हणून विचारलं होतं.

"गेलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"गेलं."

"मग ऊठ," त्या म्हणाल्या आणि नातीला खांद्यावर घेतलं. "लाईट हाय तवर गिरणीवर जाऊ."