धुऱ्याकडची पात

नातू झाला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते, आणि तो ज्या दिवशी झाला त्याच दिवशी मी म्हातारी झाले. उगाच वाढवून सांगत नाही. सुईण खोलीतून बाहेर आली आणि मला म्हणाली, "बुढीमाय, नातू झाला, गूळ वाटा." आदल्या रात्रीपर्यंत हीच बाई मला नावानं हाक मारत होती. कोणाची बुढीमाय आली म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

ही गोष्ट साठ-सत्तरच्या मधली, मध्य प्रदेशातल्या लांजीच्या अलीकडच्या आमच्या गावातली. तेव्हा पोरींची लग्नं लवकर होत. माझं झालं, माझ्या सुनेचंही झालं. त्यामुळे छत्तिसाव्या वर्षी आजी होण्यात कोणाला नवल वाटलं नाही. नवल फक्त मला वाटलं. दात शाबूत, केस काळे, डोक्यावर दोन घागरी घेऊन विहिरीवरून यायची, तर वाटेत एक पदर सावरायचा तेवढाच खोळंबा. पण आता घागर उचलली की कोणीतरी धावत यायचं. "राहू द्या, तुमी बसा." ओसरीवर गेले, बसा. लग्नघरी गेले, बसा. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी, आणि सगळं गाव मला बसवायला निघालं होतं.

त्या उन्हाळ्यात बालाघाटला बांगड्या भरायला गेले. कासारणीनं आधी हिरव्या काढल्या, मग कडेवरच्या बाळाकडे बघून विचारलं, "पोता है?" मी मान हलवल्याबरोबर हिरव्या परत खोक्यात गेल्या आणि मातकट रंगाच्या बाहेर आल्या. "अब यही अच्छी लगेंगी, दादी." मी हट्टानं पोपटी भरल्या, चांगल्या डझनभर. परतीच्या बसमध्ये एक माणूस जागा सोडून उठला. "बैठिए, माताजी." त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या! मी गाव येईपर्यंत दांडा धरून उभी राहिले, आणि ती जागा तशीच रिकामी आली.

माझ्या नवऱ्याला मात्र कोणी काही म्हणत नव्हतं. आजोबा तोही झाला होता. त्यानं त्या वर्षी नवी सायकल घेतली आणि घंटी वाजवत बाजारात फिरला. पुरुषांसाठी आमच्याकडे म्हण तयार आहे, 'साठा सो पाठा', म्हणजे साठीतला गडीही तगडाच. बायकांसाठी अशी म्हण करायला कोणाला सवड झाली नाही.

हे सगळं मी एक वेळ सोसलं असतं, पण मग रोवणी आली.

आमच्याकडची शेती धानाची. आषाढात बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, चिखल झाला की बायका ओळीनं वाकून, मागे मागे सरकत रोपं लावतात. प्रत्येकीचा आपला पट्टा, त्याला पात म्हणायचं. धुऱ्याकडची, म्हणजे बांधाला लागून असलेली पात जिची, तिच्या चालीनं सगळी ओळ चालते. आमच्या शेतात ती पात माझी होती. ज्यांना वाकवत नाही अशा म्हाताऱ्या पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, बसतात. तिथं रोपं उपटायची, मुळं पाण्यात धुवायची आणि पेंढ्या बांधायच्या. पऱ्ह्यात गेलेली बाई पुन्हा ओळीत येत नाही. एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी पहाटेच निघाले.

पोचले तर धुऱ्याकडच्या पातीवर माझी सून उभी. पळसाच्या फांदीला झोळी बांधून बाळाला तिनं त्यात निजवलं होतं.

"मामीजी, तुमी पऱ्ह्यात बसा," ती म्हणाली. "पोरगा बी तुमच्या नजरेत राहीन."

"पोराले पाहाले तिथं दोघी बुढ्या हायत," मी म्हटलं. "सरक."

ती सरकली. सासूला नाही म्हणण्याची तेव्हा पद्धत नव्हती. मी पदर खोचला आणि अशी चाल धरली की ओळीतल्या बायकांचं बोलणंच बंद झालं. कंबर दुखत होती, पण ती काय विसाव्या वर्षी दुखत नव्हती? दुपारपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते. मनात म्हटलं, घ्या, ही तुमची बुढीमाय.

पाणी प्यायला धुऱ्यावर चढले आणि वरून बांधी पाहिली. माझी पात इतरांच्या निम्मी होती. शेजारची, सुनेची, दीडपट रुंद. मी खाली मान घालून पळत होते आणि ती पोर हात लांबवून माझ्या वाट्याची रोपं लावत होती. म्हणून मी पुढे होते.

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तशीच चिखलात उतरले. "माझ्या पातीत हात काहून घालून राह्यली? मले लुळी समजली का?"

ती वाकलेलीच राहिली. मी पुन्हा विचारलं तेव्हा सरळ झाली, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून बोलली.

"मंग काय करू मी? सून आली तरी सासू चिखलात राबून राह्यली, असं लोक म्हनतीन. तुमाले कोनी नाव नाही ठेवनार, मलेच ठेवतीन." मग आवाज खाली आला. "अन् मामीजी, तुमी हटल्या नाही तं मी या घरची कवा होऊ?"

तेवढ्यात झोळीतून रडण्याचा आवाज आला, आणि माझं लक्ष तिच्या चोळीकडे गेलं. दुधानं भिजून ती अंगाला चिकटली होती. पोर किती वेळ रडत होतं कोण जाणे. सासू वाकलेली असताना सुनेनं ओळ सोडून पाजायला कसं जायचं, म्हणून ती गेली नव्हती. सोळा वर्षांची होती. माझ्या जवान ठरायच्या नादापायी तिनं सकाळपासून माझी अर्धी पात लावली होती, आणि वर पोर उपाशी.

"जा," मी म्हटलं. "पाज त्याले."

ती गेली तेव्हा मी दोन्ही पाती एकटीनं लावत नेल्या, पूर्ण रुंदीच्या, एक रोप कमी नाही. कोणी वाहवा केली नाही. बायका खाली बघून काम करत राहिल्या, माझी लाज वाटल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी मी आपली आपणच पऱ्ह्यात जाऊन बसले. मला कोणी पाठवलं नव्हतं. सून धुऱ्याकडच्या पातीवर गेली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि वाकली. मी रोपं उपटायला लागले. हात थांबेनात. पेंढ्यांचा ढीग धुऱ्यावर इतका झाला की ओळीतून ओरडा आला, "बस करा, लावाले हात कोठून आणावं?" तरी मी उपटतच होते.

माझ्या शेजारी गावातली सगळ्यात म्हातारी बाई बसली होती. तोंडात दात नाही, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिनं माझ्या मनगटावर ओला हात ठेवला, पोपटी बांगड्यांवर. अगदी मायेनं म्हणाली,

"हळू वो बाई. आपल्याले आता कोठी जायचं हाय?"

मला रडू फुटलं. ते तिला दिसलं नसावं. मी तिचा हात बाजूला केला, मुळं न धुताच पेंढी बांधली आणि पुढची मूठ उपटली.