माघारी फिरणारा गडी

माझ्या चुलत्यांची कळंबला पिठाची गिरणी आहे. तिथं दळणाच्या डब्यांमध्ये बसून मी इंग्लंडमधल्या एका फुटबॉलपटूची अख्खी कारकीर्द पाहिली, असं शाळेतल्या बाकीच्या शिक्षिकांना सांगितलं की त्या हसतात. हसू देत. त्या दिवशी त्या तिथं असत्या तर माझ्याआधी नाचल्या असत्या.

सुरुवात माझ्यामुळंच झाली. काकांना नवा मोबाइल शिकवताना मी एक सामना लावून दिला. मैदानाच्या मधोमध खेळणारा एक कोवळा गडी होता. चेंडू पायात आला की आधी मान वळवून मागं बघायचा, आणि पुढं वाट दिसली नाही तर निमूट माघारी पास द्यायचा. त्याचेच प्रेक्षक त्याच्यावर ओरडत होते. काकांनी गिरणीचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "ह्यो आपला गडी."

का, ते सगळ्या कळंबला ठाऊक होतं. काका तरुणपणी कबड्डीत नामी चढाई करायचे. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात संघ दोन गुणांनी मागं होता. काका चढाईला गेले, एकाला शिवले, दुसरा हाताशी होता, पण ते रेषेकडं वळून सुखरूप परत आले. एक गुण मिळाला, सामना गेला. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव 'फिरलेले' ठेवलं. दळण टाकायला आलेली बाईसुद्धा म्हणायची, "फिरलेल्यांच्या गिरणीत जाऊन येते." काका हसून घ्यायचे. मला मात्र राग यायचा, आणि अजून येतो.

ह्या चिडवण्यात सगळ्यात पुढं तेरखेड्याचे मामा. माझे सख्खे मामा नव्हेत, काकांचे त्याच संघातले दोस्त, वयानं धाकटे. घरचा धंदा फटाक्यांचा. एका दिवाळीला भलीमोठी माळ घेऊन आले आणि काकांच्या फळीवर ठेवून म्हणाले, "तुझा गोरा ज्या दिशी माघारी न फिरता सामना जितंल, त्या दिशी लावू."

"आन् फिरून जितला तर?"

"तर म्या लावीन, भर रस्त्यात."

माळ फळीवरच राहिली. दर उन्हाळ्यात काका तिला ऊन दाखवायचे.

गोऱ्याचं नशीब काही धड नव्हतं. बंदराच्या गावातल्या लहान क्लबातून तो निघाला. एका मोठ्या क्लबानं विकत घेतला आणि वर्षभर बाकावर बसवला. मग गुडघा गेला. काकांनी त्या दिवशी स्वतःच्या गुडघ्याला तेल लावलं, मी पाहिलंय. पुढं तो खालच्या विभागात उसना खेळला, इकडून तिकडं फिरला, आणि तिशी ओलांडल्यावर पुन्हा आपल्या पहिल्या क्लबात परतला. केस विरळ झाले, पण मान वळवून बघायची सवय तीच. शेवटच्या हंगामात तो कप्तान होता. क्लब तळाशी गेला. शेवटचा सामना जिंकला तर विभागात टिकणार, नाहीतर खाली, आणि ह्या सामन्यानंतर हा निवृत्त.

त्या संध्याकाळी गिरणीत मी, काका आणि मामा. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला. पहिला गोल आमच्या क्लबानं खाल्ला, दुसऱ्या अर्ध्यात फेडला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा चेंडू आमच्या गड्याच्या पायात आला, बरोबर मधल्या रेषेवर. पुढं चार जण अंगावर धावत आलेले.

"घुस की!" मामा उभे राहून ओरडले.

काकांनी माझं मनगट धरलं होतं.

गड्यानं मान वळवली आणि चेंडू माघारी दिला. सगळं मैदान त्याच्यावर खवळलं. पण त्याला पकडायला आलेले ते चार जण तसेच पुढं झेपावत गेले आणि त्यांच्या मागचं रान मोकळं पडलं. मागच्या खेळाडूनं तिथंच लांब चेंडू टाकला, त्यावर नवा पोरगा धावला, आणि गोल! मी किंचाळले. बाकावरून उडी मारली तेव्हा कुणाचातरी पिठाचा डबा सांडला, तो अजून भरून द्यायचाय. आम्ही दोघं पांढरेफटक होऊन नाचत होतो. शिट्टी वाजली. जिंकलो!

मामा नाचत नव्हते. ते बाकावर बसले होते.

"माघारी दिला म्हणून झाला," ते हळूच म्हणाले. मग काकांकडं बघून म्हणाले, "दोस्ता, तू माघारी आल्यावर त्यांची चढाई रिकामी गेली. मग म्या गेलो व्हतो. म्या एकाला शिवलो व्हतो. माघारी आलो असतो तर बरोबरी व्हती, रेष हातभर व्हती. दुसऱ्याची हाव केली, आन् पकडलो गेलो. लोकांना वाटलं, पोरगं कुणालाच शिवलं न्हाय. म्या तसंच राहू दिलं."

"ठावं हाय," काका म्हणाले. "म्या कडंलाच उभा व्हतो. बघितलं व्हतं."

"मग इतकी वरसं बोलला का न्हाईस?"

"तू नवा व्हतास. म्होरल्या वर्षी तुला खेळायचं व्हतं."

मला रडू आलं. मामांनी फळीवरची माळ काढली आणि रस्त्यात नेऊन लावली. वर्षानुवर्षं उन्हात तापलेली ती माळ जी कडाडली, की बसस्टँडपर्यंतची माणसं धावत आली. धुरातून कुणीतरी ओरडलं, "काय हो फिरलेले, कशाची माळ?"

मामा गिरणीच्या पायरीवर चढले. "कुणी फिरलेले म्हनायचं न्हाय! ऐका सगळे. त्यो सामना म्या घालवला. म्या..."

काकांनी घाईघाईनं आत जाऊन गिरणी सुरू केली. पट्टा गरगरला, जातं घरघरलं, मामांचं तोंड हलत होतं पण शब्द कुणाला ऐकू येईना. आताही माझे काका मामांनाच वाचवत होते.

मी आत गेले आणि बटण बंद केलं.