आईचे गुडघे आणि माझ्या पेशी

सांध्यातल्या कूर्चेच्या पेशींसारखं हट्टी काही मी पाहिलेलं नाही. अंगात असतात तोवर गोल राहून आपलं काम करतात. प्लास्टिकच्या गुळगुळीत ताटलीत वाढवायला घेतल्या की पसरून चपट्या होतात आणि कूर्चा बनवायचंच सोडून देतात. त्या गोल राहाव्यात म्हणून ताटलीच्या तळावर मी केसाहून कितीतरी बारीक उंचवटे उठवत होते. उंची जरा चुकली की पेशी चपट्या. वर्षं अशीच गेली.

त्या दिवाळीत बुऱ्हाणपूरला आले ती मात्र तरंगतच. एका तळावर पेशी गोल राहिल्या होत्या. शनवारा भागातल्या घरी आल्या आल्या आईला मोबाइलवर फोटो दाखवला.

आईच्या दोन्ही गुडघ्यांतली हीच कूर्चा झिजलेली. तिचं कार्तिकातलं तापीस्नान कधी चुकलं नव्हतं, पण गेल्या वर्षी राजघाटाच्या वरच्या पायरीवरूनच हात जोडून ती परतली होती. गुडघे बदलायची इंदूरच्या डॉक्टरांची तारीख मी मोठ्या मुश्किलीनं मिळवली होती. फोटो पाहिल्यावर आईनं मला न विचारता फोन करून ती रद्द केली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताटलीतून माणसाच्या गुडघ्यात जायला वर्षं लागतील, कदाचित कधीच जमणार नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. तिला ते पटेना.

"देडतलाईच्या मामाची टिश्यूची केळी, ती रोपं बाटलीतूनच आली होती न? वावरात लावली, घड आले. मंग?"

शेवटी मी तोडूनच टाकलं. "आई, यातलं तुझ्या गुडघ्यासाठी काहीच नाहीये."

"मंग कोणासाठी करू राहिली तू?"



कार्तिकी पौर्णिमेला तिला रिक्षानं राजघाटावर नेलं. ती वरच्या पायरीवर बसली. मी खाली उतरून लोटाभर पाणी आणलं आणि तिच्या पायांवर ओतलं. डॉक्टरांकडून नवी तारीख घेऊ का, म्हणून हळूच विचारलं. इतका राग आलेला असूनही माझा आवाज रडवेला झाला होता.

तिनं ओल्या हातानं माझा गाल पुसला.

"गोल राहिल्या न त्या? मंग थांबते मी. तू घाई नको करू."