विचारलं की, मामाला!

डॉक्टरांना शिकवायला गेलं की डॉक्टर शहाणे होतात का, देव जाणे. पण शिकवणाऱ्याकडं किश्श्यांची पोती साचतात, एवढं नक्की!

मी लातूरच्या कॅन्सर दवाखान्यात कौन्सेलर. लातूर-नांदेडच्या डॉक्टर-नर्सना मी एकच गोष्ट शिकवते. तरुण पेशंटला केमोआधी सांगा, की या औषधानं पुढं मूल होणं अवघड होऊ शकतं. वीर्य किंवा स्त्रीबीजं आधीच गोठवून ठेवता येतात. आधी! नंतर सांगणं म्हणजे एसटी गेल्यावर टाइमटेबल वाचणं.

एवढीच गोष्ट. पण डॉक्टरांच्या तोंडून निघेल तर शपथ!

*

नांदेडचं ट्रेनिंग. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. जेवणाची वेळ झाली तेव्हा मला म्हणाले, "मॅडम, थोडक्यात आटपा."

आटपलं. आभार मानायला एक डॉक्टर उठले. "मॅडमनी अत्यंत नाजूक विषयावर बोलून आपल्याला..." आणि लाजून खालीच बसले. विषयाचं नाव काही निघालं नाही!

*

लातूरला आमच्याच दवाखान्यात ट्रेनिंग होतं. ओपीडीच्या भिंतीवर मी भलं मोठं बॅनर लावलं होतं: 'केमोआधी पेशंटला विचारा.'

कॅन्सरचे आमचे मोठे सर, माणूस लाखात एक. त्यांना पेशंटशी बोलायचं नाटुकलं करायला दिलं. एक ज्युनिअर डॉक्टर पेशंट, दुसरा पेशंटचा मामा. सर दहा मिनिटं मामाशीच बोलले.

मी म्हणाले, "सर, पेशंटशी बोला ना!"

"बोलतो की!" म्हणत सरांनी मामाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला व्हरांड्यात घेऊन गेले. खरंच गेले हो! गंभीर बोलणं नातेवाइकाशी आणि व्हरांड्यातच, ही सवय. इकडं पेशंट खुर्चीत बसून समोसा खात होता.

*

चहाला मी सरांना गाठलं. "सर, पेशंटला विचारत का नाही?"

"लग्न झालेलं नसलं तर कसं विचारायचं? बरं दिसत नाही."

"झालेलं असलं तर?"

"मग घरचे बघतात."

"लेकरं असली तर?"

"मग गरजच काय?"

"मग विचारायचं तरी कुणाला?"

सरांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "तेच तर! स्कोप कमी आहे."

*

नंतर निलंग्याची अश्विनी आली. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. मानेतली गाठ तपासली, कॅन्सर निघाला. बरा होण्यासारखा होता. बीजं काढून ठेवायला आठ-पंधरा दिवस केमो थांबवता येत होती. पोरीला पुढं लेकरू हवं असेल तर हाच मोका होता. पण पेशंटशी आधी सरांनी बोलायचं, असा आमच्याकडचा रिवाज.

सोबत मामा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीसमोर कॅन्सर म्हणू नका, नुसती गाठ म्हणा. उदगीरचं स्थळ आलंय. सोयरीक जमायलीय."

वा रे वा! पोरीला सांगायचं नाही, पोराकडच्यांना सांगायचं नाही, सलाइन मात्र लावायचं!

मी सरांकडं धावले. "सर, अश्विनीला विचारलं का?"

"विचारलं की!"

"तिला?"

"मामाला. ते नको म्हणाले."

माझं डोकंच सटकलं. "सर, बीजं मामाची ठेवायचीत का?"

सर फाइल उचलून राउंडला निघून गेले.

*

तिसऱ्या दिवशी अश्विनी आणि मामा पुन्हा आले. सकाळपासून ओपीडीत माझ्या बॅनरखालच्या बाकड्यावर बसून होते. ट्रेनिंग संपलं तरी ते बॅनर कुणी काढलं नव्हतं. आमच्याकडं लावणारे लई, काढणारं कुणी नाही.

दुपारी सरांनी दोघांना आत बोलावलं. मी कोपऱ्यात उभी. सर मामांना म्हणाले, "सोमवारी केमो सुरू करू."

तेवढ्यात अश्विनी म्हणाली, "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा."

मामा चपापले. "अगं, मोठी माणसं बोलायलीत..."

"बाहेर बसा म्हणलं न्हवं?"

मामा उठले. सवयीनं सरही उठले! मामांच्या खांद्यावर हात टाकून दोघं दाराकडं निघाले.

"सर, तुम्ही कुठं निघालात?" अश्विनी म्हणाली. "केमो कशाला देतात, कळतंय मला. कॅन्सर मला हाय. ते बाहेर भिंतीवर काय लिवलंय? बसा अन् इचारा."