पप्पांचा हात भंडाऱ्यात

ग्रामपंचायतीच्या मतदानाला गावानं पुण्यात ट्रॅव्हल्स पाठवली होती. म्हणजे गावानं नाही, आमच्या पॅनेलनं. कात्रजला चढले आणि बघते तर आत सगळी भावकीच! चुलते, चुलत भाऊ, वहिन्या, आणि पार साताऱ्यापर्यंत एकच विषय, वॉर्डातली मतं कशी पडणार. एका चुलत्यांनी मागनं आवाज दिला, "पुण्याचं पाणी लागलंय म्हणत्यात. बटन तरी ध्यानात हाय का गं?" सगळी गाडी हसली. मीपण हसले, काय करणार.

रूममेट म्हणाली होती, सरळ पुण्याच्या मतदारयादीत नाव टाक, कशाला एवढी धावपळ. तिला कसं सांगू? मी पप्पांना हे एकदा विचारलेलं. ते ताटावरनं मान वर न करता म्हणाले, "मत हितनं गेलं की माणूसबी गेलं." विषय संपला.

मला मत द्यायचं होतं ते समोरच्या पॅनेलच्या पोरीला. माझी मैत्रीण. तिचे आजोबा आटपाडीकडनं मेंढरं घेऊन आले नि इथंच राहिले. पहिलीपासनं आम्ही एका बाकावर, नंतर पलूसच्या एसटीत एका सीटवर. तिचं लग्नही गावातच झालं. वस्तीवरच्या पाण्यासाठी ती पंचायतीत एकटी जाऊन भांडायची. आमच्याकडनं चुलती उभी होती, पण बॅनरवर फोटो चुलत्यांचाच मोठा!

घरी पोचले तर पप्पांचा उजवा पंजा पिवळाधमक. मी चपला काढता काढता थांबले.

आईनं चहा देताना सांगितलं. आदल्या दिवशी भावकी खंडोबाच्या देवळात बसलेली. प्रत्येक घरच्या कर्त्यानं भंडाऱ्याच्या ताटात हात घालून शपथ घेतली, आमच्या घरची सगळी मतं आपल्याच पॅनेलला. शपथ मोडली की हात घालणाऱ्याच्या जिवावर बेततं, असं आमच्याकडं मानतात. म्हणजे माझं मत देवाला सांगून झालं होतं, आणि मी तेव्हा पुण्यात मॅगी खात होते! मी लय तणतणले. आई म्हणाली, "आता हात घालून झालाय. गप दे."

मतदान शाळेतच. रांगेत जायच्या आधी मैत्रीण दिसली, फाटकापासनं लांब, वडाखाली, एकटी. मी पळतच गेले आणि कानात सांगितलं, माझं मत तुलाच. मला वाटलं मिठी मारेल. तिचा चेहराच उतरला.

"न्हाई गं. काकांनी भंडारा उचललाय." माझ्या पप्पांना ती काकाच म्हणते.

मी म्हटलं, तू हे मानतेस?

"तू न्हाई मानत? त्येंला काय झालं तर मी गावात कुठं तोंड दाखवू? नगं मला तुझं मत. दे जा तुझ्या चुलतीला."

म्हणजे जिच्यासाठी शपथ मोडायची तीच मोडू देईना.

रांगेत पुढं वहिनी, मागं तेच चुलते, भिंतीला टेकून पप्पा. खोली आमच्या चौथीच्या वर्गाची. पुठ्ठ्याच्या आडोशामागं मात्र माझ्या मागंपुढं कुणी नव्हतं. अख्ख्या गावात तेवढीच जागा. मी तिचं बटन दाबलं. मशीन इतकं मोठ्यानं वाजलं की वाटलं देवळापर्यंत ऐकू गेलं असेल.

ती निवडून आली, अगदी थोडक्यात. भावकी परत बसली, कोण फुटलं ते शोधायला. मी तोवर पुण्यात. आईनं फोनवर सांगितलं, पप्पाच पहिले उठले म्हणे. "माझ्या घरातलं न्हाई. म्या हात घातलाय." त्यांच्यावर कुणी शंकाच घेतली नाही.

मी हे मानत नाही, खरंच नाही. आणि तिला मत दिल्याचं वाईटपण वाटत नाही. पण आता रोज डबा उघडायच्या आधी घरी फोन करते. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, शेतात एकटे जाऊ नका. पप्पा पारावर सांगत सुटलेत, पोरगी पुण्याला गेली नि माया वाढली. मैत्रीणपण पंचायतीतनं परत जाताना आमच्या दारात थांबते, आईला विचारते, काका बरं हायत न्हवं? मी तिला काही सांगितलेलं नाही. तिनंही मला विचारलेलं नाही.

काल फोनवर बोलता बोलता पप्पा खोकले. साधाच खोकला, धुरळ्याचा. मी हाफ डे टाकला आणि स्वारगेट गाठलं.