पलीकडच्या काठावरची दोन टोकं

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल — बघते.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. पुण्यात शिकले, आता डब्लिनजवळ ओंगारला राहते. जुन्या बांधकामांची तपासणी करणं हे माझं काम. काही वर्षांपूर्वी एका गावातला पूल माझ्याकडे आला. लाकडी, वर छप्पर, दोन्ही बाजूंना फळ्या. गिरणीतलं लोकरीचं कापड नदीपलीकडच्या गोदामात नेताना भिजू नये म्हणून बांधलेला. इकडे असे पूल जवळजवळ दिसतच नाहीत. मला तो आवडला होता. हे सांगायला हवं — म्हणजे पुलाशी मला देणंघेणं नव्हतं, ही पळवाट तरी मला राहणार नाही.

गिरणी केव्हाच बंद पडली होती. पूल टिकला तो टॉममुळे. ऐंशीच्या घरातला हा माणूस पलीकडच्या काठावर एकटा राहायचा. दर उन्हाळ्यात पुलाच्या तुळयांना डांबर लावायचा. त्याची बहीण नोरा अलीकडे राहायची; रोज सकाळी तो पुलावरून तिच्याकडे चहाला यायचा.

पूल दुरुस्त करायचा की उतरवायचा, हे माझ्या रिपोर्टवर ठरणार होतं. दोन लांब तुळया, त्यांची चार टोकं काठांवरच्या दगडात बसवलेली. बारीक ड्रिल घालून आतलं लाकूड कुजलंय का ते पाहायचं. अलीकडची दोन मी तपासली — ड्रिल साबणात शिरावं तसं आत गेलं. पलीकडचा काठ कड्यासारखा उभा होता, वरून खाली उतरता येत नव्हतं. तिथे पाण्यातूनच जावं लागणार होतं. नोव्हेंबर महिना, कमरेएवढं पाणी. मुलीला क्रेशमधून आणायचं होतं... पण ते निमित्त. मला पाण्याची भीती वाटली आणि कंटाळाही आला. कोण बघत होतं? गाडीत बसले, हीटर लावला आणि पलीकडच्या टोकांचे आकडे बसल्या जागी लिहिले. अलीकडचेच, थोडे इकडेतिकडे करून. अलीकडचं इतकं कुजलंय, तर पलीकडचं वेगळं कसं असेल?

रिपोर्टमध्ये लिहिलं: चारही टोकं गेलेली, दुरुस्ती शक्य नाही. खाली माझी सही.

उन्हाळ्याच्या तोंडावर क्रेन आली. पहिली तुळई गवतावर ठेवली, आणि न्यायला सोपी जावी म्हणून कामगारानं तिचं पलीकडचं टोक करवतीनं कापलं. आत पिवळं, कोरडं, टणक लाकूड. राळेचा वास आला. "याला तर काही झालेलंच नाही," तो म्हणाला. दुसरीचंही तसंच. अलीकडची दोन टोकं कापून नवं लाकूड जोडलं असतं तर पूल राहिला असता — हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं.

टॉम शेजारी होता. रिपोर्ट त्यानं वाचला नव्हता. पूल कुजलाय एवढंच त्याला सांगितलेलं. त्यानं वाकून त्या लाकडावर तळहात ठेवला. आता हा विचारणार, म्हणून मी मनात पुढचं खोटं जुळवू लागले.

"चूक माझीच," तो म्हणाला. "माझ्या बाजूला काठावरूनच लांब दांड्याच्या ब्रशनं डांबर लावत राहिलो. नोराच्या बाजूला मात्र गुडघ्यांमुळे चार-पाच वर्षं खाली उतरलोच नाही. त्यामुळे सगळाच गेला." मग माझ्याकडे वळला. "तुला हे काम करावं लागलं, पोरी. सॉरी."

तो माझी माफी मागत होता. माझी. आणि मी काय म्हणाले?

"इट्स ग्रँड, टॉम." म्हणजे इकडच्या बोलीत — असू दे, काही हरकत नाही.

नवा पूल झाला नाही. रस्त्यानं नोराचं घर पाच मैल, आणि टॉम गाडी चालवत नाही. कुणी नेलं तर रविवारी तेवढी भेट व्हायची. दुसऱ्या हिवाळ्यात नोरा गेली. गावातल्या एका बाईंनी मला हे फोनवर सांगितलं. त्यांचा फोन दुसऱ्याच कामासाठी होता. टॉम अजून आहे, म्हणाल्या. पुलाचं काय झालं असं कुणी विचारलं, की तो सांगतो — माझ्या आळसानं गेला.

आळस माझा होता. आकडे मी खोटे लिहिले. त्याला हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी त्या दिवशी बोलले नाही, आणि नंतरही नाही.